आडवा पडलेला खांब

चौदा वर्षं मी मस्कतमध्ये विलायती साहेबाच्या कोठीत मुन्शी होतो आणि माझा एकच नियम होता: विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तो नियम जाफरानने मोडायला लावला. तिची हकीकत सांगायची तर ती कोठीत आली त्या दिवसापासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्याआधीची तिची तिलाच नीट आठवत नव्हती.

कोठीच्या अंगणात निशाणाचा खांब होता. पळून आलेल्या गुलामाने त्या खांबाला मिठी मारली की मालकाला त्याच्यावर हात टाकता येत नसे. साहेब त्याला चार प्रश्न विचारी, मी उत्तरं लिही, आणि शिक्क्याचा कागद हातात पडला की तो माणूस मोकळा. खजुराच्या बागांतून चार-चार दिवस चालत लोक येत ते त्या खांबासाठी. साहेब कुठल्या मुलखाचा हे पुष्कळांना ठाऊक नसे. खांब ठाऊक असे.

जर्मनांशी झालेलं मोठं युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात वादळाने खांब बुडाशी तडकला. साहेब जहाजाने वरच्या बंदरांना गेलेला. मी खांब उतरवून किनाऱ्यावर उस्ताद जुमुआकडे धाडला. हा आमचा होड्या बांधणारा सुतार. अंगणात राहिला तो नुसता खड्डा.

नेमकी तेव्हाच जाफरान आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, काटक, पाय गुडघ्यांपर्यंत धुळीने पांढरे. खड्ड्यापाशी येऊन ती थांबली.

“खांब कुठाय?”

“दुरुस्तीला गेलाय. साहेब तीन दिवसांनी येतील, तेव्हा ये.”

“मालकाने मला डोंगरापलीकडे विकलंय. त्याचा माणूस माझ्या मागावर आहे, मुन्शीजी. तीन दिवस कुठली थांबते मी?”

“खांब धरल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही.”

तिने मला नीट न्याहाळलं, बहुधा मी खड्ड्यापेक्षा कितपत उपयोगाचा आहे ते. मग खांबाचा पत्ता विचारून निघून गेली. मी कागदांत डोकं घातलं, पण एक अक्षर लागेना. अर्ध्या तासाने वहाणा चढवल्या आणि किनाऱ्याकडे निघालो.

खांब वाळूत दोन ओंडक्यांवर आडवा होता. जाफरान त्याच्या मधोमध दोन्ही हातांची मिठी घालून बसली होती, गाल लाकडाला टेकलेला. जुमुआ तासणी हातात घेऊन उभा.

“मुन्शीजी, ही बाई खांब सोडत नाही. मी काम कसं करायचं?”

“तू आपलं बुडाकडचं काम कर, बाबा,” जाफरान म्हणाली. “मी मधे बसलेय. तुझ्या हाताला आड येत नाही.”

तेवढ्यात गाढवावर बसून मुहन्ना आला. हा तिच्या मालकाचा कारभारी. कमरेला चांदीच्या मुठीचा खंजीर, बोलणं मालकासारखं. पण त्याच घरात गुलामाच्या पोटी जन्मलेला, आणि अजूनही गुलामच. खांबाभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या.

“ऊठ, म्हातारे. कायद्यात खांब उभा असतो. हे नुसतं लाकूड आहे.”

“माणूस आडवा पडला की त्याचं लाकूड होतं का रे?”

“निशाण कुठाय ह्याच्यावर?”

“धुवायला टाकलं असेल. मी खांब धरायला आलेय, निशाण नाही.”

मुहन्ना माझ्याकडे वळला. “मुन्शीजी, तुम्ही शिकलेले. हे चालतं का?”

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. चालत नाही म्हणावं तर साहेब येऊन म्हणेल, तू कोण ठरवणारा? चालतं म्हणावं तरी तेच. मी दाढी खाजवली. मुहन्नाचीही गत तीच झाली होती: बाईला ओढावं तर साहेबाची तोफांची नौका आठवे, सोडावं तर मालकाचा चाबूक. शेवटी तो होडीच्या सावलीत बसला. “हात सुटला की धरीन,” म्हणाला.

दुपार झाली. जुमुआने पाणी पाजलं, खजूर पुढे केला. तिने तोंड फिरवलं.

“हा फर्द जातीचा खजूर मला दाखवू नकोस. जन्मभर पेट्यांत भरलाय.”

बसून बसून मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी साहेबाचे चार प्रश्न काढले. बापाचं नाव? आठवत नाही. गाव? समुद्राजवळचं, तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्याला. इथे कशी आलीस? यावर मात्र ती बोलायला लागली.

“गलबतातून मांजरपाटाचे गठ्ठे उतरवले आणि आम्हाला चढवलं. गठ्ठ्यांवर निळा शिक्का होता, पक्ष्याचा. पुढे बागेत आले. दर हंगामात आम्ही खजूर पेट्यांत भरायचो, अमेरिकेच्या आगबोटीसाठी. एकदा मालकाच्या कोठारात कापड आलं. बघते तर तोच निळा पक्षी. म्हटलं, हे कुठलं? तर म्हणाले, खजूर जातो त्याच मुलखातलं. म्हणजे आम्ही भरलेला खजूर तिकडे गेला, तिकडून कापड आफ्रिकेला गेलं, आणि त्या कापडाच्या बदल्यात मी आले. पण मी यायच्या आधी तो खजूर कोणी भरला? आणि जिने भरला, तिला कशाच्या बदल्यात आणलं होतं?”

मी लेखणी कानावर ठेवली. इतकी वर्षं लोकांची उत्तरं लिहिली, पण माझ्यावर असा प्रश्न कोणी टाकला नव्हता.

“आता म्हणे त्या अमेरिकावाल्यांनी इथली रोपं नेऊन तिकडेच बागा केल्या,” ती म्हणाली. “आपला खजूर पडून राहतो. म्हणून मला काढलं विकायला. खजूर खाणारे ते, सोडवणारे हे, आणि दोघेही गोरे. मी कोणाला दुवा देऊ नि कोणाला शिव्या घालू, ते तरी सांगा, मुन्शीजी.”

“आधी कागद होऊ दे, मग बघू,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोणास ठाऊक.

उन्हं कलताना जुमुआ म्हणाला, “बूड झालं. खांब तयार आहे.” आणि मला एकदम सुचलं. खांब अंगणात हवा, बाईने तो धरलेला हवा. दोन्ही एकदम आत गेले तर? मी बंदरावरचे आठ हमाल बोलावले. त्यांनी खांब खांद्यावर घेतला. जाफरान मधे, हात वर करून मिठी तशीच. मुहन्ना शेजारून चालत होता, तिच्या बोटांवर डोळा ठेवून. बाजारातले लोक दुकानं सोडून बघत होते. मला इतकी लाज वाटत होती की विचारू नका, आणि तरी मी पुढे चालत होतो.

कोठीच्या पायऱ्यांवर पुढच्या हमालाचा पाय सटकला. खांब कलला, थेट जाफरानच्या डोक्यावर येणार. वाचायचं तर हात सोडून बाजूला व्हायला हवं होतं. तिने सोडला नाही. मुहन्ना झेपावला आणि त्याने खाली खांदा देऊन हाताने खांब सावरला. त्याच झोकात सगळे आत आले आणि खांब खड्ड्याशेजारी ठेवला.

पुढे साहेबाने जाफरानच्या कागदावर मुकाट्याने सही केली. खांब उभा होता की आडवा, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं ती शेजारच्या मत्रह बंदराच्या बाजारात उकडलेले चणे विकत असे आणि मला मूठभर जास्त घाली.

पण माझ्या मनातून जात नाही ती संध्याकाळ. हमालांनी हात झटकले आणि निघून गेले. मी वही उघडून जाफरानचं नाव लिहिलं. मान वर केली तर मुहन्ना अजून तिथेच वाकलेला. त्याचा हात खांबावर होता.

“मुहन्ना, तुझंही लिहू का?”

“मी? मी कारभारी आहे, मुन्शीजी. मी नुसता हात लावला, ती मरेल म्हणून.” तो हाताकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. पण हात उचलेना. “आणि बापाचं नाव विचारतात म्हणे,” तो हळूच म्हणाला. “मलाही नाही ठाऊक.”

मी लेखणी टेकवणार, तोच जाफरान माझ्यावर खेकसली.

“घाई कशाला करता त्याला? मला चाळीस वर्षं लागली.”

मी तिच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडली आणि दिवा आणायला आत गेलो.