मधल्या डब्यापुढचे डॉक्टर

नांदेडच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळणारे मामा कुणा सरांची चूक दिसली की बोलत नाहीत, टेबल पुसायला लागतात. माझ्या पीएचडीच्या प्रात्यक्षिकाला त्यांनी एकच टेबल तीनदा पुसलं. बिनतारी यंत्रांचे डबे मधल्या डब्यामार्फत एकमेकांना निरोप देतात. डब्यांच्या साखळीचा हा कणा कधी तुटत नाही, तुटलाच तर आपोआप सावरतो, असा माझा शोध. परीक्षकांसमोर नेमका तोच तुटला. मी त्या मधल्या डब्यापुढंच उभा राहून, घामाघूम होत, सिद्धांत समजावत राहिलो.

मामांनी लांब खुर्ची मांडली. "सर, बसा की. लई दमलात."

मी जाऊन बसताच निरोप धावू लागले. "वा! आपोआप सावरलं!" परीक्षक खूश. मी डॉक्टर झालो.

बाहेर मी हळूच विचारलं, "मामा, लहरींना मीच आडवा आलो होतो ना?"

"न्हाई सर," मामा म्हणाले, "तुमी दमला होता."