लॅपटॉपातल्या साहेबाचा बोजारा

आमच्या कंपनीत 'नाही' या शब्दाला बंदी होती. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पहिल्याच महिन्यात ते प्रत्येकाच्या अंगवळणी पडायचं. क्लायंटनं विचारलं, हे येतं का? येतं. शुक्रवारपर्यंत होईल का? होईल. झालं नाही तर सोमवारी माफी मागायची, पण शुक्रवारच्या आधी 'नाही' म्हणायचं नाही. पुण्याच्या त्या काचेच्या इमारतीत हजारो माणसं दिवसभर हो म्हणत बसलेली असत. मी त्यांतलीच एक, पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या करडीजवळच्या खेड्यातून गेलेली आणि हो म्हणण्यात बऱ्यापैकी तयार झालेली.

मग सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. मी बोजाबिस्तरा घेऊन गावी आले आणि पावसाळा लागता लागता माझं प्रोजेक्ट संपलं. प्रोजेक्ट संपलं की माणूस बेंचवर जातो. म्हणजे पगार चालू, काम बंद. पण मुदतीत दुसऱ्या प्रोजेक्टनं उचललं नाही, तर एक फार गोड भाषेतला मेल येतो आणि नोकरी जाते. यातला पहिला भाग घरी सांगितला तेव्हा बाबांना कोण आनंद झाला.

"काम नाही अन् पगार आहे? मंग तं सरकारी नोकरीच लागली म्हण ना तुले!"

मग दुसरा भागही सांगावा लागला, आणि नेमका तोच मामाच्या कानावर गेला.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. साकोलीला त्याचं कापडाचं दुकान आहे, पण खरा धंदा लग्न जमवण्याचा, तोही फुकट. माझ्यासाठी त्याच्याकडे एक स्थळ कधीचं तयार होतं. मुलगा साकोलीतच एका कार्यालयात कायम नोकरीला. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी त्याला पाहिलंही नव्हतं. पण मुलीनं नोकरी सोडून घर सांभाळावं अशी त्यांची अट होती, आणि माझं घोडं तिथं अडत होतं. इतके दिवस आई "पोरगी नोकरीवर आहे, घाई कायची" म्हणून मामाला परतवत होती. बेंचचं कळल्यावर मामा पहिल्या बसनं आला.

"नोकरी आहे तंवर मी तोंड उघडत नाही," तो मला म्हणाला. "पण गेली, तं मंग या पोराले हो म्हणाचं. कबूल?"

मी सवयीनं हो म्हणून गेले. पुण्याची सवय, दुसरं काय. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा दोन चापट्या बऱ्या होत्या.

गावात रेंज मिळायची ती फक्त तलावाच्या पाळीखाली, आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भाताच्या खाचराच्या बांधावर. बाबांनी तिथं मोहाच्या झाडाखाली एक टेबल आणून ठेवलं आणि तेच माझं ऑफिस झालं. बेंचवरच्या माणसाला कंपनी रिकामं बसू देत नाही, शिकवते. इमारतीला आग लागली तर लिफ्ट वापरू नये, हे मी समोर ढोपरभर पाणी आणि डोक्यावर बगळे असताना शिकले आणि त्याची परीक्षाही पास झाले. तणावमुक्त कसं राहावं यावरही एक वर्ग झाला. त्यात शिकवणाऱ्या बाईंचंच नेट गेलं आणि त्या फार चिडल्या.

शेवटी मुदत संपत आली असताना मॅनेजरचा फोन आला. एका परदेशी क्लायंटला माणसं हवी होती आणि माझी मुलाखत ठरली होती.

"बायोडेटा मी जरा नीट केलाय," मॅनेजर म्हणाला. नीट म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या अनुभवाची चार वर्षं झाली होती, आणि ज्या सॉफ्टवेअरचं मी नुसतं नाव ऐकलं होतं त्यात मी निष्णात झाले होते. "कुठं आहेस विचारलं तर पुणे. मागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लाव. आणि काहीही विचारलं तरी?"

"हो."

"शाब्बास."

मुलाखत आली नेमकी आमच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवशी. रोवणी पुढं ढकलणं शक्य नव्हतं. तलावाच्या पाण्याची पाळी आमची होती, पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, उपटून तयार होते आणि बायांची टोळी महामुश्किलीनं मिळाली होती. मग आईनं बांधीत उतरून हुकूम सोडला, "पोरीची मुलाखत आहे. साहेब जाईपर्यंत कोणी एक अक्षर बोलाचं नाही." रोवणी करणाऱ्या बायांना गप्प राहायला सांगणं म्हणजे बेडकांना सांगण्यासारखं, पण त्या खरोखर गप्प राहिल्या. इतक्या की चिखलात हात शिरल्याचा चुबुक चुबुक आवाज मला स्पष्ट येत होता.

रोवणीकडे पाठ करून मी बसले आणि मुलाखत सुरू झाली. साहेब गोरा, गोल चेहऱ्याचा, सकाळच्या पारी टाय लावून बसलेला. एका चौकोनात मॅनेजर. साहेब विचारी, मी हो म्हणे. चार वर्षं? हो. हे सॉफ्टवेअर वापरलंय? हो. मॅनेजरचा चेहरा उजळत चालला होता.

माझ्या लक्षात एकच गोष्ट आली नव्हती. रोवणी मागे मागे सरकत करतात. वाकलेल्या बायांची ती ओळ मला पाठमोरी, आवाज न करता, पऱ्हे रोवत रोवत धुऱ्याकडे येत होती. मागच्या खोट्या चित्रालाही ते झेपलं नाही. पुस्तकांच्या कपाटात आधी एक हिरवं लुगडं उगवलं, मग पिवळं, मग एक कोपर.

साहेब बोलता बोलता थांबला. "तुझ्या कपाटातून माणसं बाहेर येताहेत," तो म्हणाला.

मी वळून पाहिलं. ओळ धुऱ्याला टेकली होती आणि बाया कंबर सरळ करत उभ्या राहत होत्या. टोळीची म्होरकी म्हणजे आमची शेजारची काकू. तिनं लॅपटॉपात वाकून पाहिलं. तिथं टाय लावलेला माणूस दिसल्यावर आईचा हुकूम तिच्या डोक्यातून साफ गेला.

आमच्याकडे रोवणी चालू असताना धुऱ्यावर कोणी चांगल्या कपड्यांतला माणूस आला, की बाया पऱ्ह्यांची जुडी त्याच्या वाटेत ठेवतात आणि बोजारा मागतात. बोजारा म्हणजे खुशीची बक्षिसी. मास्तर असो, ग्रामसेवक असो, दिल्याशिवाय सुटका नाही. काकूनं चिखलानं निथळणारी जुडी माझ्या कीबोर्डावर ठेवली.

"आमच्या बांधीवर आला अन् तसाच जाते का हा? बोजारा दे म्हण."

मॅनेजर खोकला. साहेबानं विचारलं, काय म्हणताहेत? मी इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता पुणे कुठल्या कुठं वाहून गेलं.

"आणि नाही दिलं तर?" साहेब म्हणाला.

काकूला विचारलं. "तं जाऊ देत नाही म्हणाव," काकू म्हणाली. मी तेही सांगितलं.

साहेब गोंधळला. मग उठून आत गेला आणि एक बिस्किट आणून त्यानं कॅमेऱ्यासमोर धरलं.

"दाखवून पोट भरते का?" काकूनं निकाल दिला. "खिशात काही नसन तं गाणं म्हण म्हणाव त्याले."

आणि देवाशप्पथ, त्यानं म्हटलं. टायची गाठ सैल केली आणि त्याच्या देशाचं कुठलं तरी पोरासोरांचं गाणं टाळ्या वाजवत म्हटलं. बाया कंबरेवर हात ठेवून गंभीरपणे ऐकत होत्या. मॅनेजरनं डोळे मिटले होते.

"बरा म्हणला," काकू म्हणाली. "आवाज आहे, पण ताल नाही." तिनं जुडी उचलली आणि बाया पुढच्या बांधीकडे गेल्या. हसू मात्र पार तलावापर्यंत ऐकू येत राहिलं.

साहेबानं टाय ठीक केला. "म्हणजे तू पुण्यात नाहीस."

"नाही," मी म्हणाले. तो शब्द तोंडातून निघाला आणि मला एकदम हलकं वाटलं. मग थांबवणं कठीण झालं.

"चार वर्षांचा अनुभव?"

"नाही. दोन."

"आणि ते सॉफ्टवेअर?"

"नाही. शिकायला महिना लागेल."

मॅनेजर चौकोनातून नाहीसा झाला. नेट गेलं की जीव गेला, कळलं नाही. साहेबानं काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि तोही गेला. मी चिखलाचा कीबोर्ड पदरानं पुसत बसले. आता साकोलीच्या स्वयंपाकघरात आपला जन्म जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि भीती वाटत होती. आई दुसऱ्या बांधीतून आली आणि सगळं ऐकून घेऊन नुसतं "जेवाले चल" म्हणाली.

साहेबाच्या गाण्याची गोष्ट बसच्या आधी साकोलीला पोचली. मामानं त्यातून योग्य तो अर्थ काढला आणि दोन दिवसांनी मुलाचा फोटो घेऊन हजर झाला. आम्ही मायलेकी पाळीखालच्याच दुसऱ्या बांधीत रोवत होतो. तो जोडे हातात घेऊन धुऱ्यावर उभा राहिला आणि पाहुणे रविवारी येतील असं सांगू लागला. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. चिखलाच्या हातांनी घेता येईना, म्हणून आईनं पदरात धरून तो माझ्या कानाला लावला.

"त्यानं तुला घेतलंय," मॅनेजर रडवेल्या आवाजात म्हणाला. "आणि बाकी सगळ्यांच्या मुलाखती परत घेणार म्हणतो. सगळेच कसे काय हो म्हणतात, विचारत होता. आता मी काय करू?"

फोन आईच्याच हातात असल्यामुळं तिनंही ऐकलं. तिनं तो बंद केला, कंबरेला खोचला आणि मामाकडे वळली.

"दादा, पाहुण्याइले येऊ नका म्हणा. पोरगी नाही म्हणते."

"तिनं तं अजून काहीच म्हटलं नाही," मामा म्हणाला.

"म्हणन ना आता." आई माझ्याकडे वळली. ढोपरापर्यंत चिखल, हातात पऱ्हे, आणि डोळे भरलेले. "म्हण वं, बाई."

मी म्हणाले.