ट्रॉयमधलं माहेरपण

साताऱ्याहून निघतानाच मी ठरवलं होतं, येताना गौरीला घेऊनच यायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारीपाजारी विचारायचे तेव्हा "मुलीकडे चाललेय, बर्फ बघायला" एवढंच म्हणायची. भर जानेवारीत, साठी ओलांडल्यावर, गुडघे कुरकुरत असताना कुणी मिशिगनला बर्फ बघायला जात नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळत असणार. पण कुणी खोदून विचारलं नाही, आणि तेच मला हवं होतं.

खरं कारण त्याच्या आदल्या हिवाळ्यात होतं. गौरी ट्रॉयला एकटीच राहते, डेट्रॉइटजवळच्या उपनगरात, आणि मोटारींसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्या डिसेंबरात तिचे फोन कमी झाले, मग व्हिडिओ बंद झाला. एकदा "आई, मला काहीच करवत नाही गं" म्हणाली आणि रडत सुटली. डॉक्टरांनी सांगितलं, हे हिवाळ्यातलं डिप्रेशन. ऊन कमी झालं की येतं, ऊन परतलं की ओसरतं. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीच्या गोलावर टॉर्च मारून उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस कसा लहान होतो, ते वर्गावर्गांना दाखवलं. त्या लहान दिवसात माणसं राहतात आणि त्यांतलं एक माझं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

फ्रँकफर्टला विमान बदलून डेट्रॉइटला उतरले तेव्हा दुपार होती, पण आभाळ भांडी विसळलेल्या पाण्यासारखं होतं. गौरी घ्यायला आली होती. तिने आधी मला मिठी मारली आणि मग माझ्या स्वेटरवर एक जाडजूड कोट चढवला. रस्त्याच्या कडेला काळपट, मळके ढीग दिसत होते.

"हाच का तुमचा बर्फ?" मी विचारलं.

"सिनेमातला संपला, आई. हा उरलाय."

घरी पोचल्यावर ड्राइव्हवेवर (गाडी उभी करायची घरापुढची वाट) पहिलंच पाऊल टाकलं आणि मी सरळ बसकण मारली. डांबरावर ब्लॅक आइस (डोळ्यांना दिसत नाही असा बर्फाचा पातळ थर) होता. "पेंग्विनसारखं चालायचं, छोटी छोटी पावलं," गौरी मला उठवत म्हणाली. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर चढणारी मी, अमेरिकेत पेंग्विन झाले.

दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून कामाला लागले. मुलगी दमलेली आहे, तिला माहेरपण हवं, हे मला डोळे मिटूनही कळलं असतं. तिला माहेरी येता येत नसेल तर माहेरानेच यावं. सकाळी ती उठायला लागली की मी म्हणायची, "झोप गं, मी आहे ना." चहा पलंगावर, पिठलं-भाकरी हातात. थंडी येऊ नये म्हणून खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. जेवणाच्या टेबलावर एक पांढरा, डोळ्यांवर येणारा दिवा होता, तो भरदिवसा कशाला जाळायचा म्हणून फ्रिजवर ठेवून दिला. दुपारी ती जरा फिरून येते म्हणाली, तर मीच अडवलं. "एवढ्या थंडीत? वेडी आहेस का?"

गौरी एकदोनदा "आई, अगं..." म्हणाली आणि थांबली. मी इतक्या लांबून आलेली, नको म्हणणं तिच्या जिवावर आलं असणार. आठवडा संपत आला तशी ती भाकरी अर्धी टाकू लागली. लॅपटॉप पलंगावरच उघडायची. बोलणं "हं" आणि "बघू"वर आलं. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतेच. शुक्रवारी संध्याकाळी विषय काढलाच.

"चल घरी. नोकरी काय, पुण्यातही मिळेल."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बघू."

मी त्या "बघू"वर खूश झाले. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात टोपी, मफलर, हातमोजे घातलेले एक गृहस्थ. देशमुख, मूळचे नागपूरचे, इथे मोटार कंपनीत इंजिनियर.

"गौरी कुठं आहे जी? पार्कात आली नाही."

"झोपलीय. बरं नाहीये तिला. झोपू दे."

"म्हणूनच तर आलो, ताई. आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे. जो येत नाही त्याची बेल वाजवायची, अन् तो बाहेर येईस्तोवर हलायचं नाही."

"हा कुठला नियम? माणसाने आजारीही पडू नये?" माझा आवाज चढला.

"नियम तुमच्या गौरीनंच केला, ताई." मग त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं. मागच्या होळीला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात गौरीने माइक घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मला विंटरमध्ये डिप्रेशन येतं, मी थेरपिस्टकडे जाते, कुणाला असं होत असेल तर पुढच्या थंडीत शनिवारी पार्कमध्ये भेटू. "सगळे खाली बघायला लागले. मग माझी बायको उठली अन् म्हणाली, मी येते. इतकी वर्षं आम्ही तिला थंडी बाधते म्हणत होतो जी."

मागे वळून पाहिलं, तर गौरी जिन्यात उभी होती. केस विस्कटलेले, पायात एकच मोजा.

"आई," ती म्हणाली, "तुझ्या माहेरपणाने मी आणखी खाली चाललेय गं. मला झोपवू नकोस. उठव." आणि खाली बसून ती बूट घालायला लागली.

त्या दिवशी तिच्यासोबत मीही गेले. पार्कात पायवाट तेवढी साफ केलेली, बाकी सगळं पांढरं, तळंसुद्धा गोठलेलं. समोरून कुत्रा घेऊन येणारे एक गोरे आजोबा "ब्यूटिफुल डे!" म्हणाले. मी आभाळाकडे पाहिलं आणि मराठीतच विचारलं, "कुठे?" गौरी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

घरी येऊन पडदे उघडले, फ्रिजवरचा दिवा खाली काढला. तो डॉक्टरांनी सांगितलेला होता, उन्हाच्या ऐवजी. पुढे रोज सकाळी मी निष्ठुरपणे गौरीला उठवायची. ती दिव्यासमोर बसून चहा प्यायची, आणि चहा तिचा तिनेच करायचा. चमत्कार झाला नाही. काही दिवस ती रडायचीही, पण रडून झालं की बाहेर पडायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ग्रुपमधली सायली नावाची विद्यार्थिनी चालायला आली नाही. गौरी तिच्या अपार्टमेंटवर गेली, मी मागोमाग. बेल वाजली, दार उघडेना. आतून बारीक आवाज आला, "ताई, प्लीज यार, आज नको."

"बोलू नकोस," गौरी बंद दाराला म्हणाली. "अंघोळ नको, केस विंचरायला नकोत. फक्त बूट घाल. मी आहे इथे."

आम्ही किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. माझी बोटं बधिर झाली. गौरी हलली नाही. शेवटी दार किलकिलं झालं आणि मी तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना. स्वतःची लढाई चालू असताना माझी पोर दुसरीच्या दाराशी पाय रोवून उभी होती. आईपणाचा एवढा अभिमान मला तिच्या कुठल्याच निकालाच्या दिवशी वाटला नव्हता. घरी चल, हे मी पुन्हा म्हटलं नाही.

मी एकटीच परतले. सातारा उन्हाने तापायला लागला होता आणि मला त्या उन्हाची उगीच लाज वाटत होती. पहिल्याच शनिवारी संध्याकाळी गौरीचा फोन आला, तिकडे सकाळ होती.

"आई, आज अजिबात उठवत नव्हतं."

"मग?"

"मग सायली येऊन दारात उभी राहिली. आत्ता चालूनच येतेय."

फोन ठेवला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून कंदी पेढे आणले. शेजारच्या वहिनींनी पेढा हातात घेत विचारलं, "गौरीचं प्रमोशन का?"

"नाही," मी म्हटलं. "तिला हिवाळ्यात डिप्रेशन येतं. आज तरीही ती उठून चालून आली. त्याचे पेढे."