राजगिधाड उतरलं त्या शनिवारी

राजगिधाड दिसावं म्हणून मी काय करू शकते, हे मला त्या शनिवारपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि ते फार बरं नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली की बाकीच्या बाया पापड-कुरडयांच्या मागे लागतात आणि मी दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडते. आमचा आठ-दहा जणांचा पक्षीवेड्यांचा ग्रुप आहे. एप्रिल संपता संपता मोबाइल नुसता टणटणत असतो. कुणाला दिंडोरीच्या द्राक्षबागेत पावशा ओरडताना ऐकू येतो, कुणाला पेठच्या रस्त्यावर नवरंग दिसतो, तोही इतक्या लवकर. कुणीतरी स्वर्गीय नर्तकाचं लांबलचक शेपूट टाकतं आणि दिवसभर मिरवतं. मी तोंडाने "वा, सुंदर" म्हणायचे आणि मनात जळून खाक व्हायचे. खोटं कशाला बोलू? पक्षी बघणाऱ्यांइतकी हावरी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत, आणि त्यात मी पहिल्या रांगेत.

माझं म्हणायचं तर हरसूलच्या वरचा एक पाडा होता. तिथल्या कड्यात गिधाडं घरटी करतात आणि पाड्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना जपलंय. सगळा पाडा त्यांना बाबा म्हणतो, म्हणून मीही बाबा म्हणते. आजूबाजूला कुणाचं ढोर मेलं की ते कड्याखालच्या माळावर आणून टाकायचं, गिधाडं खातात, ही बाबांची व्यवस्था. पण टाकण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: याला मरायच्या आधी दुखण्याचं औषध दिलं होतं का? दिलं असेल तर ढोर पुरायचं. त्या औषधाचा अंश मांसातून गिधाडाच्या पोटात गेला की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि ते दोन-तीन दिवसांत मरतं. हे बाबांना मीच समजावलं होतं, फळ्यावर आकृती काढतात तसं मातीत काडीने काढून. तेव्हापासून ते स्वतः घरोघर जाऊन विचारायचे आणि मी तिथे असले की मी विचारायचे. लोक हसायचे, पण खरं सांगायचे.

त्या शनिवारी मी सकाळी सातला पोचले तर बाबा अंगणात उकिडवे बसलेले. त्यांचा बैल रात्री गेला होता. आठवडाभर त्याचा मागचा पाय सुजला होता, मग त्याने खाणं सोडलं. मावशी, म्हणजे बाबांची बायको, गोठ्याच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मी जवळ जाऊन बसले.

तेवढ्यात बाबांनीच वर बोट केलं. "बाई, ते बगा."

कड्यावरून एक काळा पक्षी निघाला. पंख सपाट नव्हते, किंचित वर उचललेले होते. दुर्बीण लावली. लाल डोकं! राजगिधाड! अगं बाई, आमच्या ग्रुपमधल्या एकानेही ते इथे पाहिलं नव्हतं. ते एकदा फिरलं, दोनदा फिरलं आणि डोंगराआड गेलं.

"बैल माळावर नेला तर उतरंल," बाबा म्हणाले. "आज नाय तर परत येईल का नाय, काय सांगावं."

आणि मी म्हटलं, "मग चला, लवकर नेऊ."

बस्स. एवढंच बोलले. दरवेळी ज्याला-त्याला विचारते तो प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, हे मला नक्की आठवतंय. मी तो गिळला. मनात म्हटलं, बाबांचाच तर बैल, त्यांना मी काय विचारणार, दुःखात आहेत बिचारे. कसलं दुःख नि कसलं काय! मला उत्तर नको होतं, कारण उत्तर चुकीचं आलं असतं तर बैल पुरावा लागला असता.

पाड्यातल्या चौघांनी दोर लावून बैल माळावर ओढला. मावशी गोठ्यापाशीच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, चांगलं टक लावून. मी कॅमेऱ्याची बॅटरी तपासत होते.

करवंदीच्या जाळीत पालापाचोळ्याचं लपण होतं, त्यात मी शिरले. अकराच्या सुमाराला पहिलं गिधाड आलं, मग एकामागून एक येत राहिली. माळ पंखांनी भरून गेला. त्यांचं भांडण, फूत्कार, चोचींचा आवाज. आणि मग ते उतरलं. बाकीची बाजूला सरकली नाहीत, पण ते आपल्या जागी शांतपणे खात राहिलं. मी दोनशे फोटो काढले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते, वेड्यासारखी. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे आमच्या घरी कळलं तर कठीण आहे.

परतताना घाटात गाडी थांबवून फोटो ग्रुपवर टाकला. रविवारी दिवसभर अभिनंदन चाललं होतं. एकाने तर "बाई, आता तुम्ही निवृत्त झालात तरी चालेल," असं लिहिलं.

सोमवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते फोन करत नाहीत कधी, मिस्ड कॉल देतात.

"बाई, पाखरं उडंनात," ते म्हणाले. "झाडावर बसल्यात, माना खाली घालून. दगूड मारला तरी उडंनात."

मान खाली घालून बसणं म्हणजे काय, हे मी वर्गात शिकवलंय. तरी फोनवर म्हटलं, ऊन फार आहे ना, त्यानं असेल.

मंगळवारी पहाटे निघून आठच्या आत पोचले. झाडाखाली चार पडलेली होती. पाचवं अजून फांदीवर होतं, त्याची मान छातीपर्यंत लोंबत होती आणि आमच्या देखत ते खाली आलं. पडलं, असंही म्हणवत नाही, नुसतं सुटलं. राजगिधाड ओढ्याच्या कडेला सापडलं. त्याचं लाल डोकं चिखलात होतं. मी ते उचलून पुसलं. कशासाठी पुसलं कोण जाणे.

कड्याच्या खोबणीत एक पिल्लू होतं, उडायला आलेलं. ते मान वर करून उभं होतं आणि त्याच्याकडे कुणी येत नव्हतं. आईबाप पडलेल्यांत होते की नव्हते, हे ओळखायला काही मार्ग नाही.

वनखात्याचा माणूस आला, त्याने पिशव्या आणल्या, पंचनामा लिहिला. बैलाला काही दिलं होतं का, असं त्याने बाबांना विचारलं. बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाय साहेब. डाक्टर आणलाच नाय. सुई नाय, काय नाय."

आणि ते खरंच सांगत होते. त्यांना माहीतच नव्हतं.

मावशींनी मला खुणेने चुलीपाशी बोलावलं. मडक्यांच्या मागून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. माझ्याच गोळ्या होत्या. माझ्या गुडघ्यांना डॉक्टरांनी दिलेल्या. होळीच्या आधी आले होते तेव्हा मावशींचेही गुडघे दुखत होते, मी पर्समधून काढून आख्खं पाकीट दिलं होतं. बाई शहरातून येतात, बाई औषध देतात, पाड्याला त्याची सवय झाली होती. आणि मलाही. जनावराला देऊ नका, असं मी बजावलं होतं का? नाही. माणसाची गोळी आहे, जनावराला कोण देईल, असं वाटलं असेल. डोंबल वाटलं! मला त्यातलं काहीच वाटलं नव्हतं, फक्त आपण किती चांगल्या आहोत असं वाटलं होतं.

"त्याला लय दुखत व्हतं," मावशी म्हणाल्या. "पिठाच्या पाण्यात घालून चार-चार पाजत व्हते. ह्यांना नाय सांगितलं, वरडले असते."

"मग शनिवारी का नाही सांगितलंत, मावशी?" माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसंच, गोठ्याच्या दारातून पाहत होत्या तसं. "तुम्ही दरवेळी इचारता. मी वाट बगत व्हते, आता इचारतील, मंग सांगन. तुम्ही इचारलंच नाय. मला वाटलं, गोळी तुमचीच हाय, चालत असंल."

बाबा दारात उभे होते. केव्हा आले कळलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मावशींना ओरडले नाहीत. मीच सांगितलं मग, मला राजगिधाड पाहायचं होतं म्हणून मी विचारलं नाही. एकदम तोडून टाकल्यासारखं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

बाहेर वनखात्याच्या माणसाला जाऊन त्यांनी सांगितलं, "साहेब, लिवा. माझ्या घरात औषिध दिलं व्हतं. माझ्याच घरात." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी घेतलं, पण त्या माणसाने वर न बघता विचारलं, "मॅडम, तुम्ही इथं राहता का?" आणि पुढची ओळ लिहायला लागला.

पिशव्या गाडीत गेल्यावर बाबा ओट्यावर बसले. मी समोर उभी. ग्रुपवर मी काय घडलं ते लिहून टाकलं होतं, फोन खिशात थरथरत होता, मी बघितलं नाही.

"उद्या पाड्यात कुणाचं ढोर मेलं," ते हळू म्हणाले, "तर कोणत्या तोंडानं इचारू? म्हणतील, आधी तुझ्या घरात बग."

"मी येते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "घरोघर येते. चूक माझी होती, मीच सांगेन प्रत्येकाला."

"नको, बाई," ते म्हणाले. रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं. "तुम्ही आलात की लोक गोळ्या मागत्यात."