दत्ताच्या हाताचे आकडे

प्रिंटरमधून दत्ताचा फोटो बाहेर येत होता, तेव्हाच कुपवाडच्या आमच्या ऑफिसात त्याच्या साताऱ्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत... पारदर्शक प्लास्टिकवर त्याचा उलटा चेहरा होता, केस पांढरे, कपाळ काळं. शाई ओली होती. मी तो पंख्याखाली धरून उभा राहिलो.

दत्ता लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण जीव अडकला होता डिंकाच्या छपाईत. डिंक, रंग आणि उजेडात डिंक घट्ट करणारं बायक्रोमेट हे रसायन कागदावर ब्रशने लावायचं, वर नेगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात सोडायचं. ऊन लागलेला डिंक टिकतो, बाकीचा सुटतो. चित्राएवढं नेगेटिव्ह मी कॉम्प्युटरवर करून द्यायचो. पण पडद्यावरच्या छटा डिंकात तशाच उतरत नाहीत. म्हणून आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोनांची पट्टी छापायची, कुठले चौकोन एकमेकांत मिसळले ते बघायचं आणि त्याप्रमाणे कॉम्प्युटरवर नेगेटिव्हमधल्या छटांचे आकडे बदलायचे. पहिली पट्टी मी सांगलीत माझ्या गच्चीवर काढली, अगदी नीट. त्याच आकड्यांवर त्याने साताऱ्यात आईचा फोटो छापला, तर डोळेच बुडाले.

"ऊन तुझं, पाणी तुझं, ब्रश तू मारलेला," तो म्हणाला. "आईनं सोताला वळखलं न्हाई गड्या."

तेव्हापासून पट्टी त्याच्याच हातची. गावभर तोंडं काढत फिरतोस, तुझं कवा, असं आई त्याला टोचत राहायची. शेवटी त्याने स्वतःचा फोटो माझ्याकडे पाठवला.

दिवसकार्य उरकल्यावर मी नेगेटिव्ह घेऊन गेलो. दत्ताच्या आईने, काकूंनी त्याचा ब्रश आणि ट्रे पुढे ठेवला. मी समजावलं, हे आकडे दत्ताच्या हाताचे आहेत, माझ्या हाताने जमायचं नाही. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी मीच छापलं. पाण्यात सोडल्यावर कागद काळाच राहिला. मी तो उचलू लागलो.

"ऱ्हाऊ दे पान्यात," काकू म्हणाल्या. "त्यो कुठं घाई करायचा?"

सांगलीची शेवटची गाडी गाठायची होती म्हणून मी निघालो, तेव्हा त्या ट्रेवर ताट झाकत होत्या.

परवा शेजाऱ्यांकरवी त्यांचा निरोप आला, कान दिसाय लागलाय. रोज पाणी बदलतात, ट्रे कुणाला हलवू देत नाहीत म्हणे. फार वेळ राहिलं तर टिकलेला रंगही सुटतो, एवढं मला माहीत आहे. कागद नेमका कधी बाहेर काढायचा, ते मात्र दत्तालाच कळायचं...