नावेवरचं नाव

आमच्या क्लबातल्या बोटी हल्ली आरशासारख्या चमकतात. महिन्यातून एकदा गाड्या धुणारी एजन्सी येते, मेण फासते आणि निघून जाते. बोटीत बघून भांग पाडावा इतकी चमक. मेणाखाली वाळलेल्या शेवाळाचे डाग तसेच असतात आणि बोटी पूर्वीसारख्या पळत नाहीत. पण ते कळायला घड्याळ लागतं, चमक बघायला नुसते डोळे पुरतात. आमच्या कार्यकारिणीकडे डोळे तेवढे आहेत.

वाळू होता तेव्हा बोटी मळकट दिसायच्या आणि सुसाट जायच्या. घासकाम करणाऱ्या माणसाचं नाव वाळू, यावर क्लबातल्या शहाण्यांनी किती विनोद केले असतील त्याला गणती नाही. तो पेठकडचा. द्राक्षबागांवर मजुरीला खाली आला, मग सातपूरला डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात दहा-बारा वर्षं गाड्यांचे पत्रे घासत राहिला आणि शेवटी धरणावरच्या आमच्या क्लबात राखणदार म्हणून लागला. शर्यतीच्या बोटींची डागडुजी त्याने आपणहून अंगावर घेतली. गंमत अशी की हा माणूस जन्मात कधी बोटीत बसला नाही. त्याला पाण्याची भीती वाटायची.

त्याचं हत्यार म्हणजे दुधाची रिकामी पिशवी. ती पंजात घालायची, डोळे मिटायचे आणि उलट्या ठेवलेल्या बोटीवरून हात फिरवायचा. उघड्या हाताला न लागणारा खरखरीतपणा त्या पिशवीतून बरोबर लागतो. जिथे हात अडेल तिथे खडूची खूण, मग पाणी मारत घासायला आधी चारशे नंबरचा, नंतर त्याहून बारीक सहाशे नंबरचा वॉटर पेपर. एवढंच.

मी देवळाली कॅम्पातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि आता क्लबात स्टॉपवॉच धरतो. पहिली अक्कल मीच पाजळली होती. गाडीला लावायचं महागडं मेण आणून वाळूच्या हातात दिलं. त्याने निम्म्या बोटीला मेण लावलं, निम्मी तशीच ठेवली आणि दोन्हीकडे पाणी ओतलं. मेणावर पाण्याचे मोती झाले, घासलेल्या भागावर पाणी सपाट पसरलं. मी खूश झालो. वाळू म्हणाला, “सर, पाणी पळतंय ते दिसलं. बोट पळती का ते बघा.” मी आठवडाभर मेण लावून आणि न लावता वेळा टिपल्या. फरक शून्य. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, आणि जगात विज्ञानाचे मास्तरही आले. बोटीच्या अंगाला पाण्याचा एक पातळ थर चिकटून चालतो. अंगावरचे उंचवटे त्या थरात लपून जातील इतकी बोट गुळगुळीत झाली की पुरे; त्यापुढची चमक फक्त माणसांसाठी. पण कागदाएवढी कड जरी वर राहिली, तरी तो थर विस्कटतो आणि पाणी बोटीला मागे ओढतं. हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलं होतं. वाळूला ते दुधाच्या पिशवीतून समजलं होतं.

आमच्याकडे तेव्हा शुभांगी होती. गिरणाऱ्याजवळ तिच्या घरची झेंडूची शेती. पहाटे फुलं तोडून ही पोरगी सायकलवरून वल्हवायला यायची. राज्याच्या संघात जायला दोन हजार मीटर साडेआठ मिनिटांच्या आत हवे होते. आठ अठ्ठावीस ती सरावात मारत होती. तिच्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. चाचणी हुकली तर वल्हं कायमचं खाली.

आणि नेमकं तेव्हाच आमचे अध्यक्ष अमितभाऊ यांना प्रेम फुटलं. अमितभाऊ प्लॉट विकतात आणि फ्लेक्सवर राहतात. शुभांगीची बोट सभासदांच्या वर्गणीतून आलेली, त्यात भाऊंचा वाटा आशीर्वादाचा. पण एका दुपारी त्यांनी रेडियमवाला आणला आणि बोटीच्या अंगावर टोकापासून हातभर अक्षरं चिकटवून घेतली: ‘युवकांचे प्रेरणास्थान, मा. श्री. अमितभाऊ’. शेजारी उभं राहून फोटोही काढला.

आता भाऊंच्या लक्षात न आलेली बारीकशी गोष्ट सांगतो. शेडमध्ये बोटी पालथ्या ठेवतात. म्हणजे नाव उलटी, तेव्हा नाव सुलटं. नाव पाण्यात सुलटी केली की भाऊंचं नाव उलटं, आणि तेही पाण्याखाली. ते वाचणार होते फक्त धरणातले मासे, त्यांनाही आधी शीर्षासन करावं लागलं असतं. हे भाऊंना सांगायची हिंमत कार्यकारिणीत एकालाही झाली नाही, मलाही नाही.

आठवड्याभरात अक्षरांच्या कडा सुटल्या. शुभांगीची वेळ आठ एकतीसवर गेली, मग बत्तीसवर. ती बिचारी स्वतःलाच दोष देत जास्त घाम गाळत होती. वाळूने माझा हात धरून पिशवीसकट त्या अक्षरांवरून फिरवला. हात प्रत्येक काना-मात्रेला अडत होता. मी काय केलं? कार्यकारिणीला अर्ज लिहिला. अर्ज पुढच्या बैठकीत घेऊ असं उत्तर आलं आणि पुढची बैठक चाचणीनंतर होती. तीस वर्षांच्या नोकरीने माझा कणा असाच अर्जाच्या कागदाचा करून ठेवला होता, याची आजही लाज वाटते.

चाचणीच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा वाळूने किटलीभर पाणी उकळलं. गरम पाणी सोडत सोडत एकेक अक्षर न फाडता सोडवलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पानांवर ओळीने चिकटवलं. डिंक रॉकेलने पुसला, बोट साबणाने धुतली आणि सहाशे नंबरचा हात फिरवला. शेवटी पिशवी घालून डोळे मिटले. हात कुठेच अडला नाही.

सकाळी अमितभाऊ फोटोग्राफर घेऊन आले. लाकडी घोडीवर पालथी बोट होती, तिचं अंग कोरं. भाऊंचा चेहरा उतरला, पण निवडीला आलेल्या पाहुण्यांसमोर काही बोलता येईना. शुभांगी सुटली. तिने शेवटची खूण ओलांडली तसं मी घड्याळ दाबलं. आठ मिनिटं सत्तावीस. काठावर पोरींनी तिला मिठ्या मारल्या. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पाहुणे चहाला वळले तसे भाऊ वाळूसमोर उभे राहिले. अध्यक्षाच्या परवानगीशिवाय क्लबाच्या मालमत्तेला हात लावल्याबद्दल बरंच बोलले. वाळू खाली मान घालून ऐकत होता. निवड झालेल्या पोरीबद्दल भाऊंच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. शेवटी ते म्हणाले, “तू माझं नाव बुडवलंस. उद्यापासून येऊ नकोस.”

वाळूने काखेतली कॅलेंडरची गुंडाळी काढून त्यांच्या हातात दिली.

“भाऊ, नाव पाण्याखाली तुम्हीच लावलं व्हतं,” तो म्हणाला. “म्या तं वर काढलं.”