काकडे सर मला काढायला आले

मला कॉलेजच्या फुटबॉल संघातून काढून टाकण्यासाठी काकडे सर आमच्या घरी तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा जेवून गेले.

सरांचा नियमच तसा होता. संघात घ्यायचं असलं की मैदानावर नुसतं बोट दाखवायचे, "तू, उद्यापासून ये." पण काढायचं असलं की घरी जायचे आणि आईवडिलांना समोर बसवून सांगायचे. "पोरगं आईबापानं माझ्या हातात दिलं, तर परत करतानाही त्यांच्याच हातात द्यायचं. बोर्डावरचं नाव खोडून पळून जाणारा माणूस मी नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सरांची जुनी हिरवी स्कूटर कुणाच्या दारात उभी राहिली की आम्ही पोरं काय ते समजून जायचो. आमच्या पहिल्या गोलकीपरच्या घरी सर दहा मिनिटं बसले होते, पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कॅरम खेळायला लागला.

सर म्हणजे आमच्या शहरातलं प्रस्थ. पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात कायम शिट्टी. (आंघोळीच्या वेळी ती काढतात की नाही, यावर संघात दोन गट होते.) उस्मानपुऱ्यात चहाला थांबले तर टपरीवाला उठून उभा राहायचा आणि ते गेल्यावर "सर मला एकदा काय म्हणाले माहितीय का" ही गोष्ट सांगितल्याशिवाय खाली बसायचा नाही. अशी एकेक गोष्ट शहरात प्रत्येकाकडे होती. न्हाव्याकडे होती, बसच्या कंडक्टरकडे होती, दाताच्या डॉक्टरकडेही होती. तो ती आपलं तोंड उघडं असताना सांगायचा.

माझ्या बाबांकडेही एक होती. बाबा शेंद्र्याच्या एका कंपनीत फिटर. फुटबॉल ते जन्मात कधी खेळले नाहीत, पण बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी कॉलेजच्या मैदानाकडेच्या पायरीवर बसून सरांचा संघ बघायचे. एकदा बॉल घरंगळत त्यांच्या पायाशी आला. त्यांनी तो चपलेसकट परत मारला, तो नेमका सरांच्या पुढ्यात जाऊन थांबला आणि सर म्हणाले, "वा." झाली गोष्ट. एवढं सांगायला बाबांना पाऊण तास लागायचा.

आणि अशा माणसाचा मुलगा खुद्द सरांच्या संघात निवडला गेला. (निवड चाचणीला सोळा पोरं आली होती, पंधरा हवी होती आणि एकाला ताप आला. पण हा तपशील मी घरी सांगितला नाही.) बाबांनी कंपनीच्या बसमध्ये पेढे वाटले. आता मी संघातून गेलो तर बाबांना आमच्या मुकुंदवाडीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, या धास्तीनं मी रात्रंदिवस पोखरला जात होतो. ही धास्ती माझ्या खेळात मात्र कुठं दिसत नव्हती.

मी डाव्या बाजूला बॅक खेळायचो. कॉलेजच्या आयुष्यातला पहिला गोल मी डोक्यानं मारला. बुटाची नाडी बांधून उठत होतो, तेवढ्यात बॉल टाळक्यावर आपटला आणि थेट जाळीत गेला. जाळी आमचीच होती. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी अकराला गल्लीत सरांच्या स्कूटरचा आवाज आला.

"जय भीम, सर! या, या. अगं, बघ तरी कोण आलंय," बाबा दारातूनच ओरडले.

"जय भीम. मी जरा सिद्धार्थबद्दल बोलायला आलोय."

"बोलू की सर, लई बोलू. आदी हातपाय धुवा, ताटं वाढलीत."

"नाही, नाही, दोनच मिनिटं बसतो."

"दोन मिनटात तर भाकर बी फुगत नाय, सर," आई आतून म्हणाली आणि विषय संपला.

आईनं येसराची आमटी केली होती. भाजलेल्या धान्याचं पीठ, काळा मसाला आणि वरून लसणाची फोडणी. सर एकटेच राहायचे आणि वर्षानुवर्षं मेसचा डबा खायचे. त्यांनी आमटीचा पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. ते उघडले तेव्हा दुसरी भाकरी ताटात पडली होती. चौथ्या भाकरीनंतर त्यांनी घसा खाकरला आणि "तर सिद्धार्थचं असं आहे," अशी सुरुवात केली. बाबा म्हणाले, "सर, त्याचं जाऊ द्या, तुमाला एक सांगायचं राहिलंय." मग पाऊण तास चपलेसकट मारलेला बॉल सरांच्या दिशेनं निघाला आणि तो पोचेपर्यंत सरांची निघायची वेळ झाली. जाताना आईनं हातात ठेच्याची बरणी दिली.

दुसऱ्या दिवशी सरावाला सरांनी मला बाजूला घेतलं.

"तुझ्या आईची आमटी पोटात असताना तुझ्याबद्दल खरं बोलवेना. पण मी परत येणार आहे. काय?"

"हो सर."

"आणि नाडी घरून बांधून येत जा."

दुसऱ्यांदा सर तयारीनं आले. (दरम्यान मी दुसरा गोल केला होता. तोही घरचाच.) उंबऱ्यातच त्यांनी जाहीर केलं, "आज मी जेवून आलोय."

"मग धपाटं घ्या," आई म्हणाली. "ते काय जेवण हाय व्हय?"

पहिलं धपाटं सरांनी नाइलाजानं घेतलं, दुसरं दह्याबरोबर घेतलं आणि तिसरं स्वतः मागून घेतलं. मग हात पुसून, पाठ ताठ करून ते बाबांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता आपलं संपलं. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "सर, तुमाला तो माझा पास आठवतो का?"

सरांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष आहे. ते अडकले. म्हणाले, "दाखवा बरं, कसा मारला होता."

बाबा तत्काळ चपला घालून गल्लीत. गल्लीच्या या टोकाला बाबा, त्या टोकाला सरांच्या जागी मी. "नीट आडव रं," बाबा म्हणाले आणि त्यांनी बॉल मारला. पास खरोखर सुरेख होता. सरळ, जमिनीलगत, नेमका माझ्या पायांकडे. मी तो दोन्ही पायांच्या मधून जाऊ दिला, मागे वळून पकडायला धावलो आणि धावताना माझीच लाथ त्याला बसली. बॉल उडाला आणि शेजारच्या खानचाचांच्या खिडकीची काच फोडून आत गेला. आजवर माझ्या पायातून निघालेला तो सगळ्यात जोरदार फटका होता.

चाचा लुंगी सावरत बाहेर आले. "कौन है रे हरामी? कायकू फोडा?" मग त्यांना सर दिसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "अरे सर, तुमे? हमारे गल्ली में?"

"माफ करा, काच मी भरून देतो," सर म्हणाले.

"नक्को सर, नक्को. काच फिर लग जाती, तुमे फिर कब आते? अंदर आओ, चाय पियो."

मग काय, पाच मिनिटांत अख्खी गल्ली गोळा झाली. प्रत्येकाकडे आपापली गोष्ट होतीच. एकाच्या भावाला सरांनी भर बाजारात कान धरून शाळेत पाठवलं होतं, एकाच्या स्कूटरला धक्का मारला होता. प्रत्येकाला फोटो हवा होता आणि प्रत्येक फोटो मी काढला, कारण पायापेक्षा माझे हात बरे चालतात. शेवटचा फोटो बाबांचा. सर आणि बाबा खांद्याला खांदा लावून. तोही मीच काढला. सर निघाले तेव्हा माझ्याबद्दल एक शब्द निघाला नव्हता.

चार दिवसांनी मुकुंदवाडीच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा छातीपासून वर फोटो, खालून वीज चमकतेय आणि वर लिहिलेलं: 'थोर क्रीडा मार्गदर्शक काकडे सर यांनी आमच्या घरी दोन वेळा पदस्पर्श केल्याबद्दल जाहीर आभार.' बाजूला हात जोडलेले बाबा. माझाही फोटो होता. तळाशी, शुभेच्छुकांच्या रांगेत, पासपोर्ट साइजचा, खानचाचा आणि किराणा दुकानदार यांच्या मधोमध. (शब्दरचना बाबांची. वीज फ्लेक्सवाल्यानं आपणहून घातली.)

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर रोज त्या चौकातून कॉलेजला जायचे. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "सिद्धार्थ, आता मात्र हद्द झाली. मला सिग्नलला लोक नमस्कार करतात आणि विचारतात, तिसऱ्यांदा कधी?" त्यातच त्या आठवड्यात आम्ही शेजारच्या कॉलेजशी सामना हरलो. तो कुणामुळे हरलो हे सांगायची गरज नाही.

तिसऱ्या रविवारी सर दारातच म्हणाले, "आज माझा उपवास आहे."

मी आईकडे बघितलं. आमच्या घरात उपवास कधी कुणी केलेला नाही, त्यामुळे त्याला काय चालतं आणि काय नाही, याचा पत्ता आम्हाला नव्हता. आई पदर खोचून मागच्या दारानं कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. वीस मिनिटांत भगर आणि शेंगदाण्याची आमटी सरांपुढे आली. दुकानदारानं तिला सगळी कृती सांगितली होती आणि सैंधव मीठ स्वतः आणून दिलं होतं. (दुकानदार म्हणजे शुभेच्छुक.)

सरांनी ताटाकडे बघितलं. आईकडे बघितलं. खाल्लं. बोटं चाटली. मग बाबा तोंड उघडणार इतक्यात सरांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत फुर्रकन वाजवली. बाबा जागच्या जागी थिजले. बाहेर गल्लीत क्रिकेट थांबलं.

"मला बोलू द्या," सर म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "तुमचा मुलगा गुणी आहे. एक दिवस सराव चुकवलेला नाही. पण त्याला फुटबॉल येत नाही. येणारही नाही. मी त्याला संघातून काढतोय. हे सांगायला मी आधी दोन वेळा आलो आणि दोन्ही वेळा तुमचं अन्न खाऊन तसाच परत गेलो. मला लाज वाटते."

मी मान खाली घातली. आता बाबा कोसळणार, आई डोळ्याला पदर लावणार, फ्लेक्स उतरणार. मी वाट बघत राहिलो.

"सांगितलंच शेवटी," बाबा हळूच म्हणाले.

"म्हणलं हुतं मी," आई म्हणाली. "भगरीवर काय निभाव लागत नसतो."

सर एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघायला लागले. मीसुद्धा.

"सर, बारा वर्सं पायरीवर बसतोय मी," बाबा म्हणाले. "तुमी कुणाच्या घरी कशापायी जाता, ते मला ठाव नसंल व्हय? पयल्या दिवशी स्कूटरचा आवाज आला तवाच वळखलं."

"मग मला बोलू का दिलं नाही?"

बाबांनी नजर खाली केली. लहान मुलानं चूक कबूल करावी तसे ते म्हणाले, "तुमी सांगून मोकळे झाला असता, तर परत आमच्या घरी कशाला आला असता, सर?"

मग मीच विचारलं, कारण मला राहवेना. "बाबा, म्हणजे मी चांगला खेळतो असं तुम्हाला वाटत नव्हतं?"

"तू?" बाबांना खरंच नवल वाटलं. "आरं, पयल्याच म्याचला काढला असता मी तुला. सरांचा जीव मोठा म्हणून एवढं टिकलास."

सरांनी चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. "शाल-नारळ देणारे पुष्कळ भेटले," ते म्हणाले. "पण परत जाऊ देऊ नये म्हणून असं धरून ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं." मैदानावर दोनशे मीटरवरून पोरांना थरथरवणारा हा माणूस आमच्या सतरंजीवर बसून नाक ओढत होता, आणि मला तो त्या क्षणी फार म्हणजे फार आवडला. माझेही डोळे भरून आले. थोडे सरांसाठी, बरेचसे स्वतःसाठी. तीन महिने मी ज्यांची अब्रू वाचवायला जिवाचं रान करत होतो, ते दोघं मला गळाला लावून मासा खेळवत बसले होते.

"मग आता," सर चष्मा घालत म्हणाले, "पुढच्या रविवारी यायचं का नाही मी?"

"या की," आई म्हणाली. "आता बोलायचं बी काय राहिलं नाय. निवांत जेवा. आन् सर, उपास नगा धरू."

सर निवृत्त झाले त्यालाही आता काही वर्षं झाली, पण रविवार त्यांनी एकही चुकवलेला नाही. मी जालन्याला नोकरीला आहे, सुट्टीला घरी येतो. मागच्या रविवारी जरा लवकर पोचलो आणि भुकेच्या तडाख्यात बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ऊठ तिथनं, सर बसत्यात." मी ताट उचलून दाराजवळ सरकलो. संघातून मला सरांनी एकदाच काढलं, तेही माफी मागून. बाबा दर रविवारी काढतात आणि त्यासाठी त्यांना शिट्टीसुद्धा लागत नाही.